बिजलीचा पेंढा

परवा सकाळी गॅलरीत चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात खालून पेंढ्याचा टेम्पो गेला. खालून म्हणजे चाकं खालून. माल आमच्या पहिल्या मजल्याला घासून गेला. पुढून ड्रायव्हर दिसत नव्हता, मागून टेम्पो दिसत नव्हता. गवताची एक टेकडी हॉर्न वाजवत पेणच्या बाजारातून निघाली होती. तिच्यातली एक काडी सुटली आणि अलगद माझ्या कपात येऊन पडली. बायको म्हणाली, टाकून द्या तो चहा. मी काडी काढली, हुंगली, चहा पिऊन टाकला आणि जाहीर केलं, की हा खाडीकाठच्या खारेपाटातल्या भाताचा पेंढा आहे, बांधालगतच्या शेतातला. बायकोचा विश्वास बसला नाही. तिचा माझ्या बऱ्याच गोष्टींवर बसत नाही, आणि यात तिची काही चूक आहे असं मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

पण वासाचं खोटं नाही. नव्या पेंढ्याला पहिल्यांदा उन्हात तापलेल्या चटईचा वास येतो, मग झाकण काढलेल्या भाताचा, आणि पेंढा खाडीकडचा असेल तर शेवटी जिभेवर मिठाची कणी आल्यासारखं वाटतं. भात झोडून झालं की आमच्या पट्ट्यात सगळीकडे हाच वास. खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात, तारांवर काड्या लोंबतात, एस.टी.तून उतरणाऱ्या माणसाच्या केसांत दोन काड्या नसतील तर तो गावचा नाही असं समजावं.

पेणच्या पेंढ्याला पूर्वी दोन मोठी गिऱ्हाइकं. एक गणपती, दुसरी गाय. मूर्ती बाहेरगावी पाठवायच्या तर पेंढ्यात बसवूनच. एकदा एका कारखान्याच्या दारात बांधलेल्या मूर्तींचा खोका उघडा राहिला आणि शेजारच्या म्हशीने आतलं सगळं पॅकिंग सोंडेपर्यंत खाऊन टाकलं. मूर्तीला एक ओरखडा नाही. रंगावर जीभसुद्धा लागली नव्हती. म्हशीलाही श्रद्धा असते, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे पाहिलं ते दुसऱ्या कोणी, पण मी ते इतक्यांदा सांगितलंय की आता मला ती म्हैस चेहऱ्याने आठवते.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांत मी या पेंढ्यावरच जगलो. तिशीत होतो. जनावरांच्या चाऱ्यात मिसळायची एक पावडर विकत होतो. कंपनी ठाण्याच्या बाजूची, माझा इलाखा पेण ते रोहा. पावडर बेसनाच्या लाडवाच्या रंगाची, वास किंचित आंबूस, आत कुठल्याशा बुरशीपासून काढलेली एन्झाइम्स. पेंढा म्हणजे गाईच्या हिशेबी लाकूडच. पोटात जातो, जागा अडवून बसतो आणि निम्मा न पचता मागच्या बाजूने निघून जातो. एन्झाइम त्या काडीची वीण उसवतं, मग काडीत जे काही सत्त्व लपलेलं असतं ते गाईच्या अंगी लागतं आणि दूध थोडं वाढतं. ‘थोडं’ हा शब्द मला कंपनीने ट्रेनिंगमध्ये दोनदा सांगितला होता. पनवेलला रोह्याची गाडी पकडताना गर्दीत तो माझ्याकडून कुठेतरी पडला.

मग मी काय सांगायचो, ते ऐका. ही पावडर एस.टी.च्या सीटवर सांडली तर आतल्या काथ्याचा शिरा होतो, म्हणून मी पिशवी मांडीवर घेऊन बसतो. पेणात मी रोह्याच्या गाईची गोष्ट सांगायचो. ती पावडरीआधी चार लिटर द्यायची, पावडरीनंतर बारा. रोह्यात तीच गाय पेणची व्हायची. नागोठण्यात मात्र ती चौदावर जायची, कारण दर पावसाळ्यात अंबा नदी घरात येऊन गेलेली माणसं ती. त्यांना साध्यासुध्या गोष्टीचं नवल कसं वाटणार?

तर त्यातल्या एका वर्षी मार्गशीर्षात खारेपाटातल्या एका गावी, दूध घेण्याच्या शेडपाशी मी असाच रंगात आलो होतो. सकाळची कोवळी थंडी. एका बाजूला मिठागरांवरचे गेल्या सालचे पांढरे ढीग, दुसऱ्या बाजूला पिवळ्या उडव्या, आणि मध्ये किटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका. गाय बारा लिटरवर नेऊन मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा मागून एक बाई पुढे आल्या. उंच, काटक, नऊवारीचा ओचा घट्ट खोवलेला. त्यांनी पुडा हातात घेतला, उलटा केला, हुंगला आणि विचारलं, “भाऊ, ही घालायची कशात?”

या चांगुणाबाई. आणि हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारलाच नव्हता.

पुड्यात एक चिठ्ठी असायची. तिच्यावर सगळं इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेलं. ती मी कधी वाचली नव्हती. पण विकणाऱ्याने ‘बघून सांगतो’ म्हटलं की गिऱ्हाईक गेलंच. मी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या पडवीत तीन दगडांवर आंबोणाचं मडकं रटरटत होतं. कोंडा, कण्या, घरातली पेज, वर गुळाचा खडा. आमच्याकडे दुभत्या जनावराला बायका हे शिजवून घालतात, आणि बाळंतिणीच्या खिरीकडे बघावं तशा त्या मडक्याकडे बघतात. मी म्हटलं, आंबोणात घाला. आणि वर, कोणी न विचारता, जोडलं, की चांगली रटरटू द्या, म्हणजे अर्क उतरतो.

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. पटलंच त्यांना. खोटं बोलणारा समोरच्याच्या मनातलंच बोलतो, म्हणून तर त्याचं खपतं. खरं बोलणाऱ्याला ही सवलत नसते.

चांगुणाबाईंची गाय जर्सी संकरातली, नाव बिजली. नाव असं पडलं की ज्या दिवशी ती घरी आली त्या दिवशी गावातली वीज गेली ती तीन दिवसांनी आली. गाईच्या पायगुणाने गेली म्हणावं की आली म्हणावं, यावर घरात एकमत होईना, म्हणून दोन्हीला चालेल असं नाव ठेवलं. पावसाळ्यात हिरवं गवत होतं तोवर बिजली दिवसाला आठ लिटर द्यायची. गवत संपलं, नुसता पेंढा राहिला आणि ती चारवर आली. चांगुणाबाईंचा नवरा धर्मा तेव्हा डोलवीच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर लागला होता. शिफ्ट करून घरी यायचा तो धुळीने राखाडी झालेला, आणि आल्या आल्या बघायचा काय, तर बायको तळ्यावरून हंडे वाहतेय. खारेपाटात पाऊस संपला की गोड्या पाण्याची वानवा. विहिरीला मचूळ पाणी, तळं लांब. माणसांना पाणी पुरवताना जीव जातो, त्यात ही गाय बादल्यांनी पिणारी. धर्माचा चुलतभाऊ जनू रोह्याकडे राहायचा. त्याच्याकडे कालव्याचं पाणी आणि बारमाही हिरवं. धर्मा म्हणायचा, गाय त्याच्याकडे सुखात राहील, आणि तुझी पण पाठ सरळ होईल.

माणूस वाईट नव्हता. उलट त्याचं म्हणणं इतकं बरोबर होतं की चांगुणाबाईंना भांडायलासुद्धा जागा नव्हती. त्यांनी एकच गोष्ट मला सांगितली, तीही किटली घासता घासता, दुसरीकडे बघत. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव नवऱ्याचं. फक्त दुधाच्या शेडवर हाक मारतात ती त्यांच्या नावाने. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. लग्नानंतर गावात सगळ्यांनी त्यांना धर्माची बायको म्हटलं होतं. शेडवर त्या चांगुणा होत्या.

शेवटी नवरा-बायकोत ठरलं ते असं, की संक्रांतीपर्यंत बिजलीने आठ लिटर दिलं तर गाय राहील. नाहीतर संक्रांतीच्या दिवशी जनू टेम्पो घेऊन येईल. आणि चांगुणाबाईंनी हा करार केला तो कोणाच्या जिवावर? माझ्या. त्या रोह्याच्या बारा लिटरवाल्या गाईच्या जिवावर.

आठ दिवसांनी गेलो, दूध चार लिटर. पंधरा दिवसांनी गेलो, चारच. धर्मा ओटीवर दाढी करत बसला होता, आणि नशीब बघा, शेजारी जनू. कामासाठी आला होता. त्याने मला बसायला पाट सरकवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “ती रोह्याची गाय कोनाची ओ? मी रोह्याचाच हाय.”

अशा वेळी माणसाचं मन किती वेगाने धावतं म्हणून सांगू. मी म्हटलं, ती घाटावर गेली. चांगली गाय, कोण ठेवतंय? जनू म्हणाला, व्हय का, घाट पन चढली? धर्माचा वस्तरा गालावर थांबला. हसण्याने गाल हलायला लागला तर कापेल म्हणून थांबला होता, हे मला नंतर कळलं. आत चांगुणाबाई चुलीपाशी आंबोण ढवळत होत्या. त्यात माझी पावडर पडत होती, चमच्याने मोजून, एकही कण बाहेर न सांडता. ती बाई हसली नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मला पुढचा अर्धा कप चहा गिळवेना. मी अख्खा गूळपोळीचा डबा रडणाऱ्या पोरांसमोर एकट्याने संपवलेला माणूस आहे. त्या चहाला मात्र मी हरलो.

तिथून थेट पेणला आलो आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांसमोर ती चिठ्ठी ठेवली. डॉक्टर शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, मला विचारलं की तुम्ही देता कशी. मी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी घडी करून माझ्या खिशात परत ठेवली आणि म्हणाले, “पंधरा दिवस तुम्ही त्या गाईला पावडरीचं प्रेत खायला घातलंत.”

मग त्यांनी समजावलं. एन्झाइम म्हणजे नाजूक प्रकरण. उकळलं की गेलं कामातून. पेंढा बारीक तोडायचा, गार पाण्याचा हबका मारायचा, पावडर भुरभुरायची, हाताने खालीवर करायचं आणि दोन तास तसाच झाकून ठेवायचा. बस.

गाडीची वाट बघत मी पेणच्या स्टँडवर बसलो आणि माझ्याकडच्या सगळ्या थापा एकेक काढून बघितल्या. गाईला दृष्ट लागलीय, हे चाललं असतं. पुडा जुना होता, हेही चाललं असतं. पेंढ्यात खार जास्त आहे, हे तर छानच होतं, खारेपाटात कोण नाही म्हणणार? पण प्रत्येक थापेच्या शेवटी त्या बाई पुन्हा चुलीपाशी बसून चमच्याने मोजून पावडर घालताना दिसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपाशी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा जसं होतं तसं सांगितलं. उकळू नका. ते मी माझ्या मनाने सांगितलं होतं. रोह्याला अशी गाय नव्हती आणि नाही. दूध बारा होणार नाही, थोडं वाढेल.

कोणाचा विश्वास बसला नाही.

बारा लिटरवर ज्यांनी डोळे झाकून माना हलवल्या होत्या, त्या बायका गार पाण्यावर अडून बसल्या. कच्चं कसं द्यायचं? गार पान्यात गुन काय उतरनार? एका म्हातारीने तर माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुसरी म्हणाली, आज हा खोटं बोलतोय बघ गो, डोळं बघ कसं खाली. मी घामाघूम. खरं बोलायचा सराव नसला की ते किती खोटं वाटतं.

चांगुणाबाई किटली हातात धरून मागे उभ्या होत्या. सगळा कलकलाट त्यांनी ऐकून घेतला आणि मग जरा चिडूनच म्हणाल्या, “उकळत्या दुदात विरजन कोन घालतं गो?”

झालं. डॉक्टरांना मला समजवायला अर्धा तास लागला होता, ते यांनी एका ओळीत उरकलं. विरजण काय असतं आणि ते कशाने मरतं, हे तिथल्या प्रत्येकीला माझ्यापेक्षा आणि माझ्या कंपनीपेक्षा जास्त माहीत होतं. माझ्याकडे वळून त्या फक्त म्हणाल्या, “पंधरा दिस घालवलंस, भाऊ.” त्या सहसा अहो-जाहो करायच्या. त्या दिवशीचं ते ‘घालवलंस’ मला रागाचं वाटलं नाही. घरच्या माणसावर चिडावं तसं वाटलं.

आता दुकानात तयार खाद्याची पोती मिळतात. पावडर त्यात आधीच मिसळलेली असते, पोत्यावर गुटगुटीत गाय छापलेली असते, आणि तिने किती लिटर दिलं हे कोणी कोणाला सांगत बसत नाही. सोय झाली. माझ्यासारख्या माणसाची गरज उरली नाही, हे गाईंच्या दृष्टीने बरंच म्हणायचं. पण ओल्या पेंढ्यात हात घालून खालीवर करताना बोटांना जी किंचित ऊब लागते ना, ती पोत्यात नाही. दोन तासांनी झाकलेलं गोणपाट उचललं की ताज्या आंबोळीच्या पिठासारखा वास यायचा. काडी वाकवली तर मोडायची नाही, नुसती मान टाकायची. पूर्वी गव्हाणीत जाड बुडख्यांचा ढीग उरायचा. हा पेंढा घातल्यापासून बिजली गव्हाण अशी चाटून ठेवायची की तीत बघून भांग पाडावा.

संक्रांतीपर्यंतच्या त्या तीन आठवड्यांत मी त्या गावी जितक्यांदा गेलो, तितक्यांदा तर सासुरवाडीला गेलो नाही. दूध साडेचार झालं. मग पाच. मग चार दिवस पाचच, आणि त्या चार दिवसांत माझं वजन निम्म्यावर आलं. मिठागराचं काम सुरू झालं तशा चांगुणाबाई उजाडताच तिथे मजुरीला जाऊ लागल्या, आणि पेंढा भिजवायचं काम शिफ्टवरून आलेल्या धर्मावर आलं. पहिल्या दिवशी त्याने ते अंगावरची पाल झटकावी तसं उरकलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा कॅन सायकलला बांधून तळ्यावर गेला. गावातले बाप्ये पाण्याला गेलेले कोणी पाहिले नव्हते. तळ्यावरच्या बायकांनी त्याला वाट मोकळी करून दिली, कोणी हंडा डोक्यावर देऊ का म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याने दोन कॅन बांधले.

संक्रांतीच्या सकाळी मी हजर होतो. नसतो तरी चाललं असतं, कोणी बोलावलं नव्हतं. शेडवर आदल्या संध्याकाळचं आणि सकाळचं मिळून माप झालं. सव्वासहा लिटर. मापाड्याने चांगुणाबाईंचं नाव घेतलं, आकडा सांगितला आणि मान खाली घातली, कारण करार गावभर माहीत होता. मी तोंड उघडलं. सातपर्यंत तरी नेता आलं असतं, इतका अनुभव होता माझ्या गाठीला. चांगुणाबाईंनी नुसता हात वर केला. सव्वासहा म्हणजे सव्वासहा.

घरी आलो तर अंगणात जनूचा टेम्पो लागलेला. फळी खाली टाकलेली, आत हिरव्या गवताचा भारा, गाय चढावी म्हणून. धर्मा शिफ्टवरून आलेला, तसाच राखाडी, ओटीच्या कडेला बसलेला. जनूने दावं सोडलं आणि विचारलं, “झालं का आठ?”

“नाय झालं,” चांगुणाबाईच म्हणाल्या. “सव्वासहा.” किटली त्यांनी खाली ठेवली आणि ओच्याला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

जनूने बिजलीला टेम्पोकडे वळवलं. धर्मा उठला. मला वाटलं, मागून हात लावायला उठला. तो गोठ्याच्या कोपऱ्यात गेला आणि तिथलं गोणपाट त्याने उचललं. खाली घमेलंभर पेंढा होता, तोडलेला, भिजलेला, पावडर टाकून मुरवलेला. वाफेसारखा आंबूस वास अंगणात आला आणि बिजलीने मान वळवली.

“आता हा भिजवून ठेवलाय,” धर्मा भावाला म्हणाला. “तळ्यावरून पानी आनलं मी. ह्यो कोन खानार?”

जनूने घमेल्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. पेंढा भिजायला दोन तास लागतात, हे त्या घरात आता सगळ्यांना ठाऊक होतं. शेडवर माप होण्याच्याही आधी, आठ की सहा हे कोणालाच माहीत नसताना, या माणसाने तो भिजत घातला होता.

“मंग मी काय रिकामा टेम्पो न्यू?”

“रिकामा कशाला? तिलगूल घेऊन जा.”

जनू हसायला लागला. हसत हसतच त्याने दावं चांगुणाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी गाय खुंट्याला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि घमेलं पुढे सरकवून तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसल्या. मला त्या क्षणी निदान चार तरी भारी गोष्टी सुचल्या होत्या. मी एकही सांगितली नाही. गाय खात होती, आणि आम्ही चौघं ऐकत होतो.